डिस्क आणि बेअरिंग: जुन्या गाडीच्या चाकामागचा खर्च

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो. "साहेब, पुढच्या दोन्ही डिस्क गेल्यात, डाव्या चाकाचं बेअरिंगपण वाजतंय. सगळं मिळून १४ हजारांपर्यंत जाईल. करून टाकू का?" गाडी असते दहा-बारा वर्षांची वॅगन आर, स्विफ्ट नाहीतर आय-टेन. ब्रेकचा प्रश्न असल्यामुळे नाही म्हणायला जीव धजत नाही आणि आकडा ऐकून पटकन हो म्हणवत नाही. गाडी वर उचललेली असते, समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असतो, आणि बहुतेक जण तिथेच "करा" म्हणून मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगतो. या कामात दोनशे रुपये स्वस्त डिस्क कुठे मिळते हे शोधण्यापेक्षा ती नीट बसवणारा हात शोधणं जास्त मोलाचं आहे. छोट्या गाडीचे हे भाग तसे फार महाग नाहीत. महाग पडतं ते घाईघाईत बसवलेलं बेअरिंग, जे चार-सहा महिन्यांत पुन्हा घुमायला लागतं, आणि हब न घासता चढवलेली नवी डिस्क, जी काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा थरथरते. तेव्हा तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

आता हिशोब. पेट्रोलवर चालणारी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली साधी हॅचबॅक धरू. पुढच्या दोन डिस्क मिळून २,४०० ते ५,००० रुपये, ब्रेक पॅडचा सेट ९०० ते २,२००, ब्रेक ऑइल २०० ते ४००, आणि मजुरी ७०० ते १,५००. म्हणजे डिस्कचं काम ४,२०० ते ९,१०० रुपयांत बसायला हवं. पुढच्या एका चाकाचं बेअरिंग ८०० ते १,८००, ते प्रेसवर काढून बसवण्याची मजुरी ८०० ते १,५००, नवा एक्सल नट आणि सर्कलिप १०० ते ३००, शेवटी व्हील अलाइनमेंट ३०० ते ६००. हे झाले २,००० ते ४,२००. खालचा आकडा नाक्यावरच्या चांगल्या गॅरेजचा आणि नामांकित बाजारी ब्रँडचा. वरचा कंपनीच्या पाकिटातल्या भागांचा आणि मोठ्या वर्कशॉपचा. हे ढोबळ अंदाज आहेत, शहर आणि मॉडेलप्रमाणे ते सरकतात. पण फोनवर ऐकलेले १४ हजार कशाचे, हे विचारायला एवढा आधार पुरतो. दोन डिस्क, पॅड आणि एक बेअरिंग यांची वरची बेरीजही १३,३०० रुपयेच होते.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचं बेअरिंग काढायचं तर कॅलिपर आणि डिस्क आधी उतरवावीच लागते. दोन्ही कामं एकाच वेळी होणार असतील, तर त्या चाकापुरती डिस्कची वेगळी मजुरी द्यायचं कारण नाही. "दादा, बेअरिंगसाठी डिस्क तुम्ही उतरवणारच आहात ना? मग लेबर एकत्र धरा," असं सरळ म्हणावं. चांगला मेकॅनिक त्यावर वाद घालत नाही. काही जुन्या गाड्यांत तर डिस्क हबच्या मागच्या बाजूला बोल्टांनी जोडलेली असते. हब ओढून काढल्याशिवाय ती सुटत नाही आणि हब ओढला की बेअरिंग दुखावतं. अशा गाडीत दोन्ही कामं एकत्र करण्यातच शहाणपण आहे.

सेडान आणि एसयूव्हीचा हिशोब वेगळा. त्यांच्यात बऱ्याचदा बेअरिंग, हब आणि एबीएसचा सेन्सर असं सगळं एकाच जोडणीत येतं. भाग बराच महाग, पण बोल्ट सोडून नवा लावला की काम संपतं. तिथे प्रेसची मजुरी लावलेली दिसली तर प्रश्न विचारा.

आवाज नेमका कुठून येतो

बेअरिंग खराब झालं की साधारण ताशी ४० किलोमीटरच्या पुढे एक जाड, सलग घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि वेगासोबत चढत जातो. क्लच दाबून इंजिनचे आरपीएम खाली आले तरी तो तसाच राहतो, कारण त्याचा संबंध चाकाशी आहे. मोकळ्या रस्त्यावर लांबट उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर, डाव्या वळणावर वाढला तर उजव्या बाजूवर. ही खूण नेहमी अचूक ठरते असं नाही, पण सुरुवात इथून करावी.

अगदी असाच आवाज खालीवर झिजलेल्या टायरचाही येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो: सिमेंटच्या रस्त्यावर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगचा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच. तरीही शंका उरली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहावं. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचा. हे करायला शंभर-दोनशे रुपये लागतात आणि दोन-अडीच हजारांचं नको असलेलं काम टळू शकतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक वाजत असेल, तर तो एक्सलच्या जॉइंटचा विषय आहे. बेअरिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर चाक जॅकवर उचलून दाखवायला सांगा. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं की खेळ जाणवतो का ते बघा. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना सरळ कळते. मेकॅनिक हे तुमच्यासमोर करून दाखवत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

डिस्कच्या तक्रारी वेगळ्या. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, पाय ठेवलेलं पॅडल धडधडतं. ब्रेक न दाबताच ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. एबीएस असलेल्या गाडीत कचकन ब्रेक मारल्यावर पॅडल ठोके देतं, ते एबीएसचं रोजचं काम आहे. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला करकरते, कारण डिस्कवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो. तो पॅडने घासून जातो. त्यासाठी कुणालाही एक पैसा देऊ नका.

डिस्क खरंच संपली का

याचं उत्तर बऱ्याचदा डिस्कवरच लिहिलेलं असतं. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर 'मिन टीएच' असं कोरून पुढे मिलिमीटरचा आकडा दिलेला असतो. ती किमान जाडी. नव्या डिस्कच्या जाडीत आणि या आकड्यात बहुधा दोनेक मिलिमीटरचंच अंतर असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम एक मिलिमीटर. मोजायला मायक्रोमीटर हवा. साधा व्हर्नियर डिस्कच्या काठावर न झिजलेल्या कडेला टेकतो आणि जाडी आहे त्याहून जास्त दाखवतो. मोजलेला आकडा बिलावर लिहून मागा. जाडी शिल्लक आहे, तडा नाही, खोल चरे नाहीत आणि ब्रेक मारताना थरथरही नाही, तर काठावरची कड बघून डिस्क बदलू नका. फक्त पॅड टाका.

थरथर असेल आणि जाडी पुरेशी असेल तर डिस्क लेथवर मारून घेण्याचा पर्याय आहे. एका डिस्कचे दीडशे ते चारशे रुपये पडतात. डिस्क निम्म्या आयुष्यात असेल तरच हे करावं. लेथ दोन्ही बाजूंनी थोडं लोखंड खाते, त्यामुळे आधीच पातळ झालेली डिस्क मारल्यावर किमान जाडीखाली जाते. पातळ डिस्क लवकर तापते आणि घाट उतरताना नेमकी तिथेच दगा देते. छोट्या गाडीची नवी डिस्क दीड-दोन हजारांत मिळत असताना संपत आलेल्या डिस्कवर तीनशे रुपये घालणं मला पटत नाही.

डिस्क नेहमी जोडीने बदलायची, एका बाजूची जुनी आणि दुसरीची नवी ठेवली तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढू शकते. नव्या डिस्कबरोबर पॅडही नवेच. बेअरिंगला मात्र हा नियम लागू नाही. जे वाजतंय तेवढंच बदला. "एक गेलं की दुसरं जाणारच" असं म्हणून चारही बेअरिंग गळ्यात मारणाऱ्याला थांबवा.

आता हबबद्दल, कारण माझ्या मते डिस्कच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास तिथे जातो. ब्रेक थरथरला की "डिस्क वाकली" असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. असं का होतं? डिस्क ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाची पापडी असेल, तर डिस्क केसभर तिरकी बसते. फिरताना प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी होते. बहुतेक गाड्यांत डिस्कला चालणारा तिरकेपणा एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. गंजाचा एक कण तेवढं बिघडवायला पुरतो. म्हणून जुनी डिस्क निघाल्यावर हब वायर ब्रशने घासून चकचकीत करायलाच हवा. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाड्यांत हा गंज इतका असतो की जुनी डिस्क हातोडीने ठोकूनही हलत नाही. तिच्यावर दिलेल्या आट्यांच्या भोकांत दोन बोल्ट आवळत नेले की ती सुटते. फोनवर शांतपणे सांगा: "हब घासल्यावर मला एक फोटो पाठवा, मग डिस्क चढवा." एवढ्याने कामाची प्रत बदलते.

कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं ग्रीस लावून बसवल्या पाहिजेत. त्या अडकल्या की एका बाजूचा पॅड भराभर झिजतो. काढलेले जुने पॅड हातात घेऊन बघा. एकाच चाकातला आतला पॅड पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर पिन किंवा पिस्टन अडकलाय. तो दोष काढल्याशिवाय नवे पॅड टाकणं व्यर्थ. नव्या डिस्कला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसावं. आणि कॅलिपर रबरी होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने वर बांधायला सांगा.

चाकाचे नट एअर गनने कचकचून आवळले की डिस्क पुन्हा ताणली जाते. आपल्या गाडीला किती टॉर्क हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ज्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच आहे आणि ती रोज वापरली जाते, तिथे शंभर रुपये जास्त द्यायला मी कधीही तयार आहे.

ठोकून बसवलेलं बेअरिंग

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरणाऱ्या भागात, दाबून बसवलेलं असतं, त्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागतो. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर नकल उतरवून शेजारच्या लेथवाल्याकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हातोडीने ठोकणं. बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा आणि हब घालताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा, हा या कामाचा कणा. जोर चुकीच्या कड्यावर पडला तर तो आतल्या गोळ्यांमधून जातो आणि कड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी पहिले काही दिवस छान चालते, मग तोच घूंऽऽ परत येतो आणि दोष "डुप्लिकेट बेअरिंग"वर ढकलला जातो.

हब बाहेर काढताना जुन्या बेअरिंगचं आतलं कडं बऱ्याचदा हबलाच चिकटून येतं. ते पुलरने काढावं. गॅस लावून लाल केलेला हब पुन्हा वापरू नये. हबची बसायची जागा झिजलेली असेल तर नवं बेअरिंगही टिकत नाही, तिथे हबचे पैसे मोजावेच लागतात. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूलाच यायला हवी. उलटं बसलं की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. एक्सल नट नवा हवा. तो नीट आवळल्याशिवाय गाडी चाकांवर उभी करून ढकलू नये, बेअरिंगला इजा होते.

मागच्या चाकाचं काम वेगळं. काही गाड्यांत मागचं बेअरिंग ब्रेक ड्रममध्येच बसवलेलं येतं. ड्रमही झिजलेला असेल तर तयार ड्रम घेणं सोयीचं. ड्रम चांगला असेल तर फक्त बेअरिंग बदलून मिळतं का ते विचारा.

बेअरिंगचा मोठा शत्रू पाणी. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून, हबच्या वर पाणी असताना गाडी काढली की तापलेलं बेअरिंग एकदम थंड होतं आणि सीलमधून पाणी आत ओढून घेतं. आतलं ग्रीस धुपतं, गंज धरतो, आणि आवाज यायला गणपती-नवरात्र उजाडतं. खड्ड्यांचे दणके वेगळेच.

भाग कुठून घ्यायचा

डिस्क, पॅड आणि बेअरिंगसाठी भंगार बाजाराची वाट धरू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दरवाजा, आरसा, दिवा घ्यायला हरकत नाही. ब्रेक मात्र नवेच. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या भागात सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे गाडीचं वर्ष, मॉडेल आणि चॅसी नंबर सांगून भाग घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक डिस्कचा व्यास बदलतो आणि चुकीची डिस्क परत करण्यात दिवस जातो.

बेअरिंगमध्ये एसकेएफ, एफएजी, एनबीसी, एनटीएन ही नावं जुनी आणि भरवशाची. एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडलाच आहे, एनबीसी जयपूरची. नावं मोठी, म्हणून नकली मालही त्यांच्याच नावाचा निघतो. एसकेएफचं 'ऑथेंटिकेट' आणि एफएजीची मालक असलेल्या शेफलरचं 'ओरिजिनचेक' ही मोबाइल ॲप्स पाकिटाची खातरजमा करायला मदत करतात. तीनशे रुपयांत 'सेम टू सेम' मिळणारं बेअरिंग घेऊन त्याच्यावर हजाराची मजुरी घालणं म्हणजे तोच हजार पुढच्या वर्षी परत देणं.

बिल हातात आल्यावर

पाकिटावरची एमआरपी सर्व करांसह असते. भाग एमआरपीला लावून त्याच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. बिलात मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवले तरी दोन्हींची बेरीज एमआरपीच्या आत हवी. मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो योग्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांना सरसकट १८ टक्के दर लागू झाला. डिस्कसारख्या ब्रेकच्या भागांवर त्याआधी २८ टक्के होता. म्हणजे जुन्या करासह १,२८० रुपयांना असलेली डिस्क त्याच मूळ किमतीवर १,१८० ची होते. दुकानात जुनं पाकीट असेल तर त्याच्यावरची तारीख बघून हा फरक मागा. एमआरपीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते.

काढलेले जुने भाग आणि नव्यांची रिकामी पाकिटं परत मागा. आधीच सांगून ठेवलं तर कुणी नाही म्हणत नाही.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या गाडीवर हा खर्च करावा का, असंही अनेक जण विचारतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करायची तर आरटीओची तपासणी असतेच, आणि त्यात ब्रेक बघितला जातो. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये झालं, शिवाय ग्रीन टॅक्स. गाडी ठेवायची असेल तर ब्रेकचं काम तपासणीआधी करा. ठेवायची नसेल तरी विकेपर्यंत ती रस्त्यावर चालणारच आहे, तेव्हा पॅड आणि डिस्कवर खर्च टाळू नका. बेअरिंगचा आवाज नुकताच सुरू झाला असेल आणि चाकाला खेळ नसेल तर थोडे दिवस थांबता येतं. खेळ आला असेल तर हायवेवर गाडी काढू नका.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळायला वेळ लागतो. मोकळा रस्ता आणि मागे गाडी नाही असं बघून ५०-६० च्या वेगावरून २० पर्यंत सावकाश ब्रेक मारा, असं आठ-दहा वेळा, मध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ देत. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा आणि त्या आठवड्यात खंबाटकी-वरंधा नको. घाट उतरायचाच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, नुसत्या ब्रेकवर नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. म्हणून कधी बदललं ते आठवत नसेल तर याच कामात बदलून एअर काढून घ्या. ५०-१०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.

आवाज किंवा थरथर परत आली तर आधी बिल घेऊन त्याच गॅरेजमध्ये जा आणि लेखी तक्रार द्या. कामाची हमी किती महिन्यांची, हे बिलावर आधीच लिहून घेतलेलं असावं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोबदला ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. अर्जासोबत बिल, पाकिटाचे फोटो, गॅरेजशी झालेले संदेश जोडा, आणि काढलेलं बेअरिंग पिशवीत बांधून जपून ठेवा.